रीव्ह्जला पूर्ण मॅक्स द्यायचा की पुढचा विचार करून हात आखडता घ्यायचा?

शेवटचा_फ्लोटर

मंडळी, २०२५-२६ चा एनबीए बास्केटबॉल सीझन नुकताच सुरू झालाय आणि तीन दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून शेवटी लिहायलाच घेतलं. आपल्या लेकर्सचे दोन्ही स्टार, लुका बाहेर, लेब्रॉन बाहेर, आणि आपला गार्ड ऑस्टिन रीव्ह्ज सॅक्रामेंटोत ५१ पॉइंट मारतो, ११ रिबाउंड, ९ असिस्ट. दुसऱ्याच रात्री पोर्टलंडविरुद्ध ४१. ती मॅच हरलो पण तो थकला नव्हता. आणि मग मिनेसोटात वीसची लीड घालवून आपण एका पॉइंटने मागे, शेवटचं पझेशन, सगळ्या हॉलला माहितीये बॉल कोणाकडे जाणार, तरी तो पेंटमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, शिरला, फ्लोटर (उंच, अलगद शॉट) सोडला आणि बझर. ११६-११५. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो होतो, तो शॉट नंतर दहा वेळा तरी मागे नेऊन बघितला असेल.

आता खरा प्रश्न. उन्हाळ्यात त्याने चार वर्षं ८९ मिलियन डॉलरचं एक्स्टेन्शन (करार वाढवायची ऑफर) नाकारलं, आणि बरोबरच केलं, कारण नियमाने टीम त्यापेक्षा जास्त देऊच शकत नव्हती. पुढच्या वर्षीचा १४.९ मिलियनचा प्लेअर ऑप्शन (करारातलं ते वर्ष घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात) तो घेणार नाही हे उघड आहे, म्हणजे २०२६च्या जुलैत सरळ फ्री एजंट, कुणाशीही सही करायला मोकळा. कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, १६५ मिलियनच्या आसपास धरली तर त्याचा २५ टक्केवाला मॅक्स (नियमाने देता येणारा जास्तीत जास्त पगार) ४१ पासून सुरू होतो, आपण पाच वर्षं आणि ८ टक्के वाढ देऊ शकतो म्हणजे जवळजवळ २४० मिलियन. बाकी कुणालाही चारच वर्षं आणि ५ टक्के, म्हणजे १७७ च्या आसपास.

तोपर्यंत तो २८ चा झालेला असेल, करार संपेल तेव्हा ३३. लुकाने ऑगस्टमध्ये तीन वर्षं १६५ मिलियनचं सही केलंय पण त्यात २०२८ ला बाहेर पडायची मुभा आहे, म्हणजे लुकाला इथे ठेवायचं असेल तर या दोन-तीन वर्षांत टीम उभी राहिलीच पाहिजे. मन म्हणतं देऊन टाका, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे प्लेअर निवडतात तिथे, कुणी घेतला नाही, तिथून टू-वे (खालच्या लीगमध्येही खेळायच्या) करारावर आलेला पोरगा आहे, आपल्या डोळ्यांसमोर मोठा झाला. पण एप्रिलमधली मिनेसोटाविरुद्ध हरलेली प्लेऑफ सिरीज आठवली की पोटात गोळा येतो. तुम्ही जनरल मॅनेजर असता तर काय केलं असतं? आणि कृपा करून "बघू पुढे" असं उत्तर नको.

जांभळा_पिवळा

देऊन टाका. पूर्ण. यात विचार करण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही.

अरे लुकाच्या बाबतीत हे एकदा घडून गेलंय! लुका डॅलसमध्ये असताना त्याच्या शेजारी खेळणारा ब्रन्सन आठवतो ना? डॅलसने त्याला वेळेवर ५५ मिलियनच्या आसपासचं चार वर्षांचं एक्स्टेन्शन द्यायचं टाळलं, म्हणजे बघू, थांबू, एवढा मोठा आहे का तो. मग २०२२ च्या प्लेऑफमध्ये लुकाची पोटरी दुखावली, यूटाविरुद्ध दुसऱ्या मॅचला ब्रन्सनने एकट्याने ४१ मारले, डॅलस कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेली, आणि जुलैत पठ्ठ्या १०४ मिलियन घेऊन न्यूयॉर्कला. डॅलसच्या हाती काय आलं? शून्य. एक ड्राफ्ट पिक (निवडीचा हक्क) नाही, एक प्लेअर नाही. पुढच्या सीझनला ३८ जिंकल्या, ४४ हरल्या, प्लेऑफसुद्धा नाही. त्याच सीझनच्या मध्यावर कायरी अर्विंग आणायला फिनी-स्मिथ, डिनविडी आणि २०२९ चा पिक द्यावा लागला. म्हणजे जो घरात होता त्याची जागा भरायला घरातलं सामान विकलं.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडेच करूसो झाला ना. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, तोही लोकांचा लाडका. २०२१ मध्ये शिकागोने चार वर्षं ३७ मिलियन दिले, आपण टॅक्सचा (पगार फार वाढले की लीगला भरायच्या दंडाचा) हिशोब करत बसलो आणि जाऊ दिला. यंदा मे महिन्यात ओक्लाहोमा-डेन्व्हर सातवी मॅच ज्याने बघितली असेल त्याला सांगायला नको, ओक्लाहोमाकडून खेळणारा हा सहा फूट पाच इंचाचा माणूस डेन्व्हरच्या अवाढव्य योकिचच्या अंगाला अंग लावून उभा, पुढे येऊन बॉलच येऊ देत नाही. चॅम्पियनची अंगठी घेऊन गेला तो. माझ्या आयुष्यात लेकर्सच्या एवढ्या चुका बघितल्या पण ही अजून जात नाही मनातून. ३७ मिलियन, चार वर्षांत! परत तेच करायचं आहे का?

आधी_डिफेन्स

भावना समजतात भाऊ पण करूसो डिफेन्सचा माणूस होता, हीच तर गंमत आहे. करूसो हवा होता म्हणून रीव्ह्ज हवाच असं होत नाही, उलट करूसो गेल्याचं दुःख ज्याला आहे त्याने तर आधी विचारलं पाहिजे की लुकाच्या शेजारी कोण उभं राहणार.

मी ती मिनेसोटाची सिरीज दोनदा बघितलीये, दुसऱ्यांदा फक्त आपला डिफेन्स बघायला. पॅटर्न एकच. त्यांचा स्टार एडवर्ड्स बॉल घेऊन वर येतो, उभा राहतो, आणि ज्याच्यावर लुका किंवा रीव्ह्ज आहे त्यालाच स्क्रीन लावायला (डिफेंडरच्या वाटेत उभं राहायला) बोलावतो. एकाला लपवलं तर दुसरा सापडतो. एक कमजोर डिफेंडर लपवता येतो, तीन चांगले असतील तर. दोन लपवता येत नाहीत. चौथ्या मॅचला आपल्या कोच रेडिकने सेकंड हाफ पूर्ण पाचच जणांवर काढला, एकही बदली नाही, तीन क्वार्टरनंतर आपण दहाने पुढे होतो आणि शेवटचा क्वार्टर ३२-१९ ने गेला. पाय संपले होते पोरांचे. आणि संपले का, तर दोघांना झाकायला बाकीचे तीन दीड-दीड माणसाचं धावत होते.

आता ४१ मिलियन द्या, लुकाचे ५० च्या आसपास, म्हणजे दोन गार्डवर कॅपच्या निम्म्याहून जास्त. उरलेल्यात सेंटर आणा, दोन लांब विंग (बाजूने खेळणारे उंच प्लेअर) आणा, बेंच भरा. आणि त्यात जर कधी सेकंड एप्रनच्या, म्हणजे पगाराच्या सगळ्यात वरच्या रेषेच्या, वर गेलात तर खेळ खल्लास. ट्रेडमध्ये दोन पगार एकत्र करून एक मोठा प्लेअर आणता येत नाही, मिड-लेव्हल (कॅपच्या वर असूनही बाहेरचा प्लेअर घ्यायला मिळणारी ठरावीक रक्कम) नाही, रोख रक्कम पाठवता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा पिक गोठतो. बॉस्टनचं काय झालं बघा, २०२४ ला चॅम्पियन आणि एका वर्षात हॉलिडे आणि पोरझिंगिस दोघांना घालवावं लागलं. टेटमचं अकिलीस (टाचेची शीर) फाटलं ते वेगळं पण बिल तर आधीच येऊन पडलं होतं.

शेवटचं, ब्रॅडली बील. २०२२ ला वॉशिंग्टनने विचार केला की आपलाच आहे, जाऊ दिला तर हात रिकामे, म्हणून पाच वर्षं २५१ मिलियन दिले, वर नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय त्याचा ट्रेड नाही. एका वर्षात त्याला फिनिक्सला विकायची वेळ आली तेव्हा बदल्यात जे मिळालं त्याला मोठी किंमत म्हणता येणार नाही, आणि या जुलैत फिनिक्सने त्याला पैसे देऊन मोकळं केलं, ते पैसे अजून पाच वर्षं त्यांच्या कॅपवर बसणार. "फुकट जायला नको" या भीतीपोटी केलेला करार होता तो. भीतीने पेन उचलायचं नसतं.

कॅपचं_गणित

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे पण मधली एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये आणि सगळा विषय तिथेच आहे. कॅप होल्ड.

करार संपलेला तुमचा स्वतःचा प्लेअर सही करेपर्यंत कॅपवर एक धरलेला आकडा म्हणून बसतो. रीव्ह्जचा यंदाचा पगार १३.९ मिलियन, त्याच्या दीडपट, म्हणजे साधारण २१. त्याला शेवटी ४१ देणार असाल तरी जुलैच्या सुरुवातीला तो तुमच्या हिशोबात फक्त २१ चा आहे. लेब्रॉनचा ५२.६ मिलियनचा करार या सीझननंतर संपतो, हाचिमुराचा संपतो, व्हिन्सेंट आणि क्लीबरचेही संपतात. लेब्रॉनचे हक्क सोडले तर त्या उन्हाळ्यात आपल्याकडे खरीखुरी मोठी जागा तयार होते. मग क्रम असा, आधी त्या जागेत बाहेरचा माणूस घ्यायचा, आणि सगळ्यात शेवटी बर्ड राइट्स (स्वतःच्या प्लेअरला कॅपच्या वरही पगार द्यायचा हक्क) वापरून कॅपच्या वर जाऊन रीव्ह्जची सही. उलटं केलं, म्हणजे भावनेच्या भरात पहिल्याच दिवशी ४१ वर सही केली, तर २० मिलियनची जागा आपण स्वतःच जाळली. स्वयंपाकाआधी ताटं मांडून बसण्यातला प्रकार.

हे कागदावरचं नाहीये, फिलाडेल्फियाने २०२४ ला हुबेहूब केलं. त्यांच्या गार्ड मॅक्सीने एक वर्ष आधी एक्स्टेन्शन न घेता थांबायचं मान्य केलं, त्याचा होल्ड १३ मिलियन, त्या जागेत पॉल जॉर्जला चार वर्षं २१२ मिलियन, आणि मग मॅक्सीला पाच वर्षं २०४. पण मॅक्सी रिस्ट्रिक्टेड होता, दुसऱ्याने ऑफर दिली असती तरी ती मॅच करायचा हक्क फिलाडेल्फियाकडे होता. रीव्ह्ज अनरिस्ट्रिक्टेड असणार. तो थांबेल तो फक्त शब्दावर. म्हणून आधी त्याच्याशी आणि त्याच्या एजंटशी नातं नीट ठेवा, आकड्यावरून वर्तमानपत्रातून घासाघीस करू नका. त्याने स्वतः सांगितलंय की त्याला इथेच राहायचंय.

आणि @आधी_डिफेन्स, नो-ट्रेड क्लॉजची भीती इथे नको. त्याला आठ वर्षांची सर्व्हिस लागते, रीव्ह्जची पाच होतील. बीलच्या करारात विष रकमेपेक्षा त्या क्लॉजमध्ये जास्त होतं, कारण कुठे जायचं ते तोच ठरवत होता आणि वॉशिंग्टनला बोली लावणारेच मिळेनात.

शेवटचा_फ्लोटर

ताई हे एवढं सोपं करून पहिल्यांदाच कुणी सांगितलं, धन्यवाद. पण मग दोन शंका. फिलाडेल्फियाने सगळं बरोबर केलं आणि पुढच्या सीझनला २४-५८ झाले ना? म्हणजे जागा करणं वेगळं आणि त्या जागेत कोण येतो ते वेगळं. आणि दुसरं, लेब्रॉन जर म्हणाला मी अजून एक वर्ष खेळतो तर?

कॅपचं_गणित

पहिलीचं उत्तर, हो, अगदी वेगळं. पॉल जॉर्ज तेव्हा ३४ चा होता आणि चार वर्षं दिली. गणित चुकलं नव्हतं, माणूस आणि वय चुकलं. जागा म्हणजे फक्त दार उघडं ठेवणं.

दुसरीचं उत्तर अवघड आहे. लेब्रॉन डिसेंबरमध्ये ४१ चा होतोय, तो कमी पगारात राहिला तर त्याच्यासाठीही जागा निघेल, पण मोठ्या आकड्यावर राहिला तर उन्हाळ्याचा सगळा प्लॅन गेला आणि मग रीव्ह्जला ठेवण्याशिवाय पर्यायच नाही, कारण त्याला सोडूनही जागा मिळत नाही. हे लोकांना कळत नाही म्हणून परत लिहिते. टीम कॅपच्या वर असताना स्वतःचा प्लेअर सोडला तर त्याच्या पगाराएवढे पैसे बाहेर खर्च करायला मिळत नाहीत. तो आकडा हवेत जातो. ४१ वाचले म्हणून ४१ चा दुसरा येत नाही, मिड-लेव्हलवाला १४-१५ मिलियनचा येतो.

जुना_प्रेक्षक

या विषयावर थोडं मागे जाऊन बोलतो, बाकीच्यांनी तेव्हा बघितलं असेलच असं नाही.

एप्रिल २०१३ ला कोबीचं अकिलीस तुटलं. नोव्हेंबरमध्ये, तो परत कोर्टवर उतरलासुद्धा नव्हता तेव्हा, आपण त्याला दोन वर्षं ४८.५ मिलियनचं एक्स्टेन्शन दिलं. तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या आणि आजही म्हणेन की त्या माणसाला द्यायलाच हवं होतं, पण त्याची किंमत काय झाली तेही बघितलंय. २७-५५, २१-६१, १७-६५. शेवटच्या रात्री ६० पॉइंट मारून गेला, ते आयुष्यभर पुरेल, पण त्याआधीच्या त्या तीन वर्षांत किती रात्री टीव्ही बंद केला ते माझं मला माहीत.

मात्र पुढचं ऐका. त्या हरलेल्या वर्षांनी पिक दिले. इन्ग्रम दुसऱ्या नंबरला, आणि त्यापुढच्या हरलेल्या वर्षामुळे लोन्झो बॉल दुसऱ्या नंबरला. ते दोघं, हार्ट आणि पिक देऊन २०१९ ला डेव्हिस आला. २०२० ची ट्रॉफी त्यातून आली. आणि यंदा फेब्रुवारीत तोच डेव्हिस देऊन लुका आला. म्हणजे आज लुकाच्या जर्सीवर आपलं जे नाव आहे त्याची साखळी मागे मागे नेली तर ती त्या १७-६५ वाल्या टीमपर्यंत पोचते. मी यातून एवढंच घेतो की चांगल्या टीमकडे कायम काहीतरी हातात असलं पाहिजे, ज्याच्या बदल्यात मोठं काही आणता येईल.

आता आपल्या हातात काय आहे? २०२७ चा पहिल्या राउंडचा पिक पहिल्या चारात आला नाही तर यूटाला जाणार, वेस्टब्रूकच्या ट्रेडचं ते देणं अजून फिटलेलं नाही. २०२९ चा डॅलसला गेला. तरुण प्लेअर म्हणावे तर नेक्टशिवाय कोण? रीव्ह्ज हीच आपली सगळ्यात मोठी ठेव आहे. त्याला जाऊ दिलं तर साखळी तुटते. योग्य आकड्यावर सही केलेला २८ वर्षांचा, २० पॉइंट करणारा गार्ड उद्या नाही जमलं तर ट्रेडमध्ये चालतो. म्हणून ठेवाच. फक्त आकडा असा ठेवा की दुसऱ्या टीमलाही तो घ्यावासा वाटेल.

बेंचवरून

काका, ही साखळीवाली गोष्ट मी याआधी अशी जोडून कधी बघितलीच नव्हती. आता मी जे बघतो ते सांगतो, मी स्वतः कॉलेजला गार्ड खेळलोय, फार वर नाही, पण बॉल हातात असताना आणि नसताना अंगाला काय होतं ते माहितीये.

लुकाबरोबर खेळणं सोपं नाही. बॉल त्याच्याकडे बारा-पंधरा सेकंद असतो, तुम्ही कोपऱ्यात उभे, पाय थंड पडतात, आणि मग अचानक पास येतो आणि तुम्हाला एका क्षणात ठरवायचं असतं, शॉट, ड्राइव्ह की पुढचा पास. पुष्कळ चांगले गार्ड यात मोडतात कारण त्यांना लय मिळायला चार-पाच ड्रिबल लागतात. रीव्ह्जला लागत नाहीत. तो कोपऱ्यातून येतानाच खांदा अर्धा वळवून ठेवतो, बॉल आला की डिफेंडर आधीच चुकीच्या पायावर असतो, आणि तिथून फाउल काढण्यात तर तो पटाईत. आणि लुका बसला की तोच माणूस पूर्ण ऑफेन्स चालवतो, मिनेसोटात १६ असिस्ट झाले ते त्यामुळेच. ही दोन्ही कामं एकच माणूस करतो असे लीगमध्ये फार थोडे आहेत. गेल्या सीझनला सरासरी २०.२ पॉइंट आणि ५.८ असिस्ट आणि ते १३ मिलियनमध्ये.

मिनेसोटाच्या सिरीजचं सगळं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. पाचवी मॅच बघा. मिनेसोटाने ४७ थ्री घेतले आणि त्यातले ४० चुकले. चाळीस! तरी ते जिंकले, कारण त्यांच्या सेंटर गोबेअरने २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड केले आणि आपल्याकडे त्याच्यासमोर उभा करायला सेंटरच नव्हता. डेव्हिस दिला होता, मार्क विल्यम्सचा ट्रेड मेडिकलनंतर रद्द केला. ती सिरीज दोन गार्डमुळे जेवढी गेली त्याहून जास्त मधल्या रिकाम्या जागेमुळे गेली. आता सेंटरला एटन आहे, बघू काय करतो.

पण पूर्ण पाच वर्षं मॅक्स? नाही. माझा आकडा ३३ ते ३५ पासून सुरू, चार वर्षं. पाचवं वर्ष हवं असेल तर पहिल्या वर्षाचा आकडा खाली. ब्रन्सनने २०२४ ला थांबला असता तर २६९ मिलियन मिळाले असते तरी १५६.५ वर सही केली, त्यामुळे न्यूयॉर्कला टीम भरायला हात मोकळा मिळाला आणि ते पुढच्या वर्षी कॉन्फरन्स फायनलला पोचले.

जांभळा_पिवळा

हे ब्रन्सनचं उदाहरण देऊन दुसऱ्याकडून पैसे सोडून घेणं मला अजिबात आवडत नाही, स्पष्ट बोलतो. ब्रन्सनने आधी १०४ घेतले होते, त्याचं घर भरलं होतं, वडील त्याच टीमचे असिस्टंट कोच, कॅप्टन केला. रीव्ह्ज २०२१ ला टू-वे वर आला, डेट्रॉइट ४२ व्या नंबरला घ्यायला तयार होती ती सोडून आपल्याकडे आला, मग चार वर्षं ५४ मिलियनवर खेळला जेव्हा त्याची खरी किंमत त्याच्या दुप्पट होती. सवलत त्याने आधीच दिलीये, तीन वर्षं दिलीये. आणि मालकांची टीम दहा बिलियनच्या भावाने विकली गेली! कुणाच्या खिशाला कात्री लावायची यात मी प्लेअरच्या बाजूने आहे. प्लेअरचं करिअर एका गुडघ्यावर उभं असतं.

बेंचवरून

अरे मी पण प्लेअरच्याच बाजूने आहे, पण कॅप ही मालकाच्या खिशातून येत नाही ना. मालकाने टॅक्स भरायचं ठरवलं तरी एप्रनचे नियम पैशाने सुटत नाहीत, म्हणूनच तर ते केलेत. रीव्ह्जला दिलेले जास्तीचे सहा मिलियन नवीन मालकाला जाणवणारही नाहीत, ते जाणवतील तिसऱ्या वर्षी जेव्हा एका विंगला ठेवायचं असेल आणि जागा नसेल. फिनी-स्मिथ आठव, लुकाचा मित्र, आपला सगळ्यात चांगला डिफेंडर, या उन्हाळ्यात ह्यूस्टनने चार वर्षं दिली आणि गेला. अशी माणसं हळूहळू गळतात आणि मग एप्रिलमध्ये रेडिककडे बदलीला कुणी उरत नाही.

आधी_डिफेन्स

कालपासून सगळं वाचतोय. ताईंचा तो मुद्दा, की कॅपच्या वर असलो तर सोडूनही काही मिळत नाही, तो मी नीट धरला नव्हता, मान्य. टर्नरचं उदाहरण मी स्वतःच विसरलो होतो. इंडियाना जूनमध्ये फायनलची सातवी मॅच खेळते, हॅलिबर्टनचं अकिलीस फाटतं, आणि दोन आठवड्यांच्या आत दहा वर्षं टीममध्ये असलेला सेंटर मिलवॉकीला जातो आणि बदल्यात काहीच नाही. तो प्रकार मला आपल्याकडे नको.

त्यामुळे माझं मत बदललं असं म्हणा, पण थोडंच. ठेवा, चार वर्षं, आणि ताईंनी सांगितलेल्या क्रमानेच. मात्र त्या मोकळ्या जागेत तिसरा स्कोअरर आणलात तर मी रागावेन. तिथे असा विंग हवा जो एडवर्ड्स समोर आला की लुकाला म्हणेल तू बाजूला हो, हा माझा. रीव्ह्जच्या करारावर माझी सही त्या एका अटीवर. आणि हे दोघं एकत्र २०२७ च्या एप्रिलपर्यंत टिकले नाहीत तर काका म्हणतात तसं, ट्रेडचा विचार करायला लाजू नका.

जुना_प्रेक्षक

ही अट मला मान्य आहे. फक्त एक सांगतो, असे विंग जुलैत बाजारात सहज मिळत नाहीत, त्यांना त्यांच्या टीमा सोडत नाहीत. म्हणून जागा कॅपमध्ये असली तरी बहुतेक तो ट्रेडनेच येईल, समोरच्या टीमचा पगार आपल्या मोकळ्या जागेत घेऊन. पिक एखादाच आहे द्यायला, तो जपून वापरा.

शेवटचा_फ्लोटर

सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून लिहिलंत. मी प्रश्न टाकला तेव्हा माझ्या मनात मॅक्स द्या किंवा सोडा असे दोनच रस्ते होते. आता माझं उत्तर असं, रीव्ह्जला जूनमध्येच भेटून सांगायचं की तू आमचा आहेस, आकडा ३५ च्या आसपास, चार वर्षं, शेवटच्या वर्षी ऑप्शन तुझा, आणि सही सगळ्यात शेवटी करू कारण आधी तुझ्या शेजारी डिफेंडर आणायचाय. तो ४१ वर अडला आणि दुसरीकडे कुणी खरंच चार वर्षं पूर्ण मॅक्स देत असेल तर? जांभळा_पिवळा, तुला सांगतो, मी तरीही देईन, कारण रिकाम्या हाताने २०२८ ला लुकासमोर जायची हिंमत माझ्यात नाही.

लुका परत आल्यावर एक काम सगळ्यांनी करा. ज्या मिनिटांत दोघं एकत्र कोर्टवर असतील तेव्हा बॉल बघू नका, समोरची टीम स्क्रीनला कुणाला बोलावते ते बघा आणि इथे लिहा. मी प्रत्येक मॅचला वहीत टिपणार आहे.